हवालदारांचं चूर्ण

आमची हिराआत्ती हसायला लागली की समोरच्या एस.टी. स्टँडावरचा कंट्रोलर माईकवर हात ठेवून थांबायचा, कारण त्या हसण्यापुढं त्याची घोषणा कुणाला ऐकूच जायची नाही. कवठे महांकाळात ही गोष्ट सगळे सांगायचे आणि आत्ती स्वतःही सांगायची, दर वेळी थोडा मीठमसाला लावून. तिची खानावळ स्टँडाच्या समोरच होती. पत्र्याचं छप्पर, लांब बाकडी, मागं दोन खोल्यांचं घर आणि मधल्या अंगणात शेवग्याचं झाड. पाटी नव्हती. रश्श्याचा वास हीच पाटी. आत्ती माझ्या आप्पांची धाकटी बहीण. ऐन उमेदीत तिचा नवरा ट्रकच्या अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. म्हसवडजवळच्या आमच्या वस्तीवर परत यायचं सोडून तिनं सासरच्या गावातच चूल मांडली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जेवू घालत स्वतःच्या पायावर उभी राहिली. उंच, धिप्पाड, हातात कोपरापर्यंत पीठ, आणि बोलणं असं की रस्त्यापलीकडच्या माणसानं ओ द्यावी.

बारावीनंतर पुढं शिकायचं म्हणून आप्पांनी मला तिच्याकडं ठेवलं. आमची मेंढरं तोवर निम्म्यावर आली होती आणि रानाला पाणी आल्यामुळं आप्पा डाळिंबाच्या नादाला लागले होते. आईला मी जवळच कुठं तरी शिकावं असं वाटत होतं. आप्पा म्हणाले, "हिरी एकटी हाय. पोरीला सोबत आन् तिला बी." मी पत्र्याची ट्रंक घेऊन उतरले तेव्हा आत्तीनं भर रस्त्यात मला उचलून गर्रकन फिरवलं. अठरा वर्षांच्या पोरीला कुणी असं उचलत नाही. मला लाज वाटली आणि आनंदही इतका झाला की आजही तो रस्ता ओलांडताना पाय जमिनीवर नसल्यासारखं वाटतं.

त्या घराला पहाटेपासून आवाज असायचा. आधी परातीत भाकरी थापल्याचा, मग पाट्यावर खोबरं आणि कांदा वाटल्याचा, मग भट्टीचा घरघराट, मग पहिल्या गाडीचा हॉर्न. अभ्यास करायला बसले की या सगळ्यातून पानं उलटायची. पण मला त्याचा कधी त्रास झाला नाही. उलट सुट्टीत वस्तीवर गेले की तिथल्या शांततेत मला धड्यातलं काही कळायचं नाही. जेवायला तर काय सांगू. जोंधळ्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, शेंगदाण्याची चटणी, बुधवारी आणि रविवारी मटण, आणि हिवाळ्यात हुलग्याचं माडगं. ते माडगं वाटीत ओतलं की वर लसणाची फोडणी चरचरायची आणि आत्ती म्हणायची, "आदी वास घे, मग पी. घाईनं पेणाऱ्याला मी वाढत न्हाई." मला आता डॉक्टरांनी रात्री हलकं खायला सांगितलंय. हलकं म्हणून मी माडगंच करते. आत्तीच्या हातची चव येत नाही, हे सांगायला नको.

हवालदार त्या घरात शिरले ते गिऱ्हाईक म्हणूनच. आमच्याच समाजातले, नामदेव त्यांचं नाव, पण गावात कुणी नावानं हाक मारत नसे. फौजेतून पेन्शनीत निघाले होते. बायको काही वर्षांपूर्वी वारली होती, मुलगी लग्न होऊन पुण्यात. गावाबाहेर त्यांची थोडी द्राक्षं होती आणि घराभोवती नाना तऱ्हेची झाडं. रोज बाराच्या ठोक्याला त्यांची स्कूटर लागायची. ताट पुढं आलं की ते भाकरीकडं क्षणभर ताठ मानेनं बघायचे, सलामी दिल्यासारखे, आणि मग जेवायचे. जेवून झालं की ताट स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवायचे. आत्तीच्या खानावळीत असं दुसरं कुणी करत नसे. हळूहळू ते ताट धुऊनही ठेवू लागले. मग भांडी वाढली तर सगळीच धुऊ लागले. एके दिवशी राखेनं भरलेल्या हातांनीच ते म्हणाले, "हिराबाई, तुमच्या खानावळीचं कायमचं गिऱ्हाईक व्हावं म्हणतोय."

आत्ती भाकरी भाजत होती. तिनं मागं न बघता विचारलं, "कायमचं म्हंजे कवापतूर?"

"हाय तवर."

तव्यावरची भाकरी करपली. माझ्या माहितीत तेवढी एकच. मग आत्ती म्हणाली, "दादाला इचारावं लागंल," आणि असं हसली की मी पुस्तक मिटून अंगणात पळाले.

आप्पांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. आमच्यात दुसरेपणाचं लग्न, म्हणजे म्होतूर, नवं नव्हतं. फक्त आत्तीनं इतक्या वर्षांनी मनावर घेतलं याचं त्यांना नवल वाटलं. उन्हाळ्यात वस्तीवर कार्य करायचं ठरलं. त्या दिवसांत आत्ती काम करता करता गुणगुणायची आणि हटकलं तर रश्श्याकडं बोट दाखवून म्हणायची, "त्योच गुणगुणतोय."

तिला त्रास होता तो गुडघ्यांचा. दिवसभर भट्टीपुढं उभं राहून गुडघे सुजायचे. गोळ्या ती घेत नसे. गोळी घशाखाली उतरत नाही म्हणायची. हवालदारांनी ते मनावर घेतलं. फौजेत असताना कुठल्याशा डोंगरातल्या ठाण्यावर एका वैद्याशी त्यांची ओळख झाली होती, तेव्हापासून त्यांना झाडपाल्याचं वेड. त्यांनी गुळवेल, निर्गुडी, सुंठ असं कायकाय वाळवून कुटलं आणि त्यात किडामारीचा पाला घातला. किडामारी म्हणजे आमच्या माणदेशात काळ्या रानात बांधाच्या कडेनं जमिनीसरपट पसरणारी वेल. निळसर हिरवी गोलट पानं, चोळली की उग्र वास, आणि तुतारीसारखं काळपट जांभळं फूल. मेंढीच्या जखमेत किडे पडले की आप्पा हाच पाला चेचून त्यात भरायचे आणि किडे पटापट बाहेर पडायचे. हवालदारांच्या वडलांनीही तेच केलं होतं. जी वेल एवढी गुणाची, ती सुजेवरही चालणारच, असा त्यांचा हिशेब. कुणीतरी त्यांना ती सांध्यांवर उत्तम असल्याचंही सांगितलं होतं. दर आठवड्याला ते काचेच्या बरणीतून चूर्ण आणायचे आणि पुढं ठेवताना म्हणायचे, "एकदम नॅचरल. साइड इफेक्ट निल."

चूर्ण कडूजहर होतं. आत्ती नाक दाबून गुळाच्या खड्याबरोबर घ्यायची. "दवा कडू हाय म्हंजे गुण असणारच," म्हणायची. आणि खरं सांगायचं तर तिला गुण वाटलाही. गुडघे हलके झाल्यासारखे वाटले. कुणी आपल्यासाठी पाला गोळा करतं, उन्हात वाळवतं, वस्त्रगाळ करतं, याचाच तो गुण असेल. तिच्यासाठी इतक्या वर्षांत कुणी काही केलं नव्हतं, तीच सगळ्यांचं करत आली होती.

मग दिवाळी झाल्यावर केव्हातरी ती बदलायला लागली. आधी चेहरा फिक्का पडला. मग जिना नसलेल्या घरात तिला दम लागू लागला. परात उचलताना ती भिंतीला टेकायची. रात्री लघवीला उठणं वाढलं. हे सगळं चाललं असेल, पण आम्हाला कळलं ते एका बुधवारी. कांदा परतत होता, आणि आत्ती पदर तोंडाला लावून झटक्यात अंगणात गेली. शेवग्याच्या बुंध्याला धरून उभी राहिली. म्हणाली, "वैशे, मला कांद्याचा वास सोसंना गं." जिचं आयुष्य त्या वासात गेलं, ती हे म्हणत होती. त्या दिवशी रस्सा मी केला. गिऱ्हाइकांनी बिचाऱ्यांनी गुपचूप खाल्ला.

गावातल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या तिनं माझ्या धाकानं घेतल्याही, पण फरक पडेना. मग त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, आणि अहवाल बघून म्हणाले, मिरजेला जा, मूत्रपिंडाचे डॉक्टर बघतील. मिरजेच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. बारीक, चष्म्याच्या, बोलायला अगदी मऊ. त्यांनी आत्तीला सगळं विचारलं. साखर? नाही. रक्तदाब? आता थोडा वाढलाय. दुखण्याच्या गोळ्या?

"न्हाई बाई. गोळीचं आन् माजं जमत न्हाई."

"काढा, चूर्ण, झाडपाला काही घेता?"

"न्हाई."

इतक्या निर्मळ मनानं ती नाही म्हणाली की मीही क्षणभर ते खरं मानलं. मग मला बरणी आठवली. म्हटलं, "आत्ती, हवालदारांचं चूर्ण?"

तिनं माझ्याकडं आश्चर्यानं बघितलं. "ते औषध हाय व्हय गं? पाला हाय त्यो. आपल्याच रानातला."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "मावशी, धोतरासुद्धा आपल्याच रानातला की."

आत्तीचा चेहरा पडला. तिला स्वतःची भीती वाटली नव्हती. कुणाचं नाव यात येणार हे तिच्या ध्यानात आलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, चूर्ण आजपासून बंद, आणि त्यात जे जे घातलंय ते मला बघायचंय, पानाफुलांसकट.

दुसऱ्या दिवशी हवालदार स्वतः आमच्याबरोबर आले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि हातात ओल्या फडक्यानं झाकलेलं घमेलं. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर त्यांनी एकेक झाड ओळीनं मांडलं, फौजेत तपासणीला सामान मांडतात तसं, आणि बाजूला ताठ उभे राहिले. डॉक्टरबाई बाहेर आल्या. गुळवेल, निर्गुडी बघत बघत पुढं सरकल्या आणि किडामारीपाशी थांबल्या. फूल बोटांत धरून त्यांनी फिरवून बघितलं.

"हे किती दिवसांपासून घालताय?"

"पयल्यापासनं म्याडम. ह्योच तर खरा गुणाचा."

त्यांनी आम्हाला आत बसवलं आणि समजेल असं सांगितलं. या वेलीचं गोत जगभर पसरलेलं आहे आणि जगभर लोक ते औषध म्हणून घेत आलेत. कुठं जंतांवर, कुठं सांध्यांवर, कुठं बारीक होण्यासाठी. यात एक आम्ल असतं. अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ते मूत्रपिंडं आतून सुकवत नेतं. दुखत नाही, खुपत नाही, माणूस हिंडतं-फिरतं राहतं, आणि कळतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. एवढ्यावर ते थांबत नाही. पेशींच्या आत बदल करून ठेवतं, आणि पुढं काही वर्षांनी मूत्रमार्गाचा कॅन्सर होऊ शकतो. "होईलच असं नाही," त्या आत्तीचा हात धरून म्हणाल्या. "तुम्ही लवकर आलात. जे गेलंय ते परत येणार नाही, पण राहिलंय ते सांभाळता येईल. तपासणी मात्र आता जन्मभर."

हवालदार म्हणाले, "म्याडम, मी बी घेतलंय. त्यास्नी द्यायच्या आदी मी सोता घेऊन बगितलं. कायच झालं न्हाई, म्हणून दिलं."

"काही झालं नाही असं तुम्हाला वाटलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुमचंही रक्त तपासायला घेऊ."

ते रक्त देऊन आले आणि तसेच निघून गेले. घमेलं बाकावरच राहिलं.

मी पुढं याच विषयात शिकले आणि आता औषधनिर्माणाच्या विद्यार्थ्यांना वनस्पती शिकवते. दरवर्षी वर्गात कुणीतरी म्हणतं, मॅडम, नैसर्गिक आहे म्हणजे निदान अपाय तर नाही ना. मी त्यांना रागवत नाही. मला तो शर्ट आणि ते बूट दिसतात. आत्तीला ज्यानं हे दिलं त्याच्या मनात तिच्या सुखाखेरीज दुसरं काही नव्हतं, आणि वेलीला त्याच्या मनाशी काही देणंघेणं नव्हतं.

हवालदार जेवायला यायचे बंद झाले. बारा वाजले की आत्तीची नजर रस्त्याकडं जायची. तिकडं ही बातमी वस्तीवर पोचली आणि आप्पा मोटरसायकल दामटत आले. दारातूनच ओरडले, "लगीन मोडलं म्हणून समज! इख घालतोय माज्या बहिणीला!"

"दादा, आदी पाणी पे."

"पाणी नगं. कुटं ऱ्हातोय त्यो?"

"सांगते. पर तू एकटा न्हाई जायाचास. मी येते गाडीवर मागं."

"तू? भर बाजारातनं? कार्याच्या आदी?"

"मग काय तोंड झाकून जाऊ? चोरी केलीया व्हय मी?" असं म्हणून तिनं नवं लुगडं नेसलं, केस नीट केले, आणि त्या अशक्त अवस्थेतही आप्पांच्या मागं अशी बसली की बाजार बघत राहिला. मी शेजारच्यांची सायकल घेऊन मागं.

हवालदारांच्या घरी पोचलो तर अंगणात युद्ध झाल्यासारखं. ते बनियनवर, हातात कुदळ, घामानं निथळत होते. सगळी झाडं उपटून ढीग लावला होता. गुळवेल, अडुळसा, कोरफड, गवती चहा. आणि आता ते वाफ्यातली कोथिंबीर मुठी मुठी उपटत होते. आप्पा जे बोलायचं ठरवून आले होते ते त्यांच्या तोंडातच राहिलं. आत्ती फाटकात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आवं, कोथमिरीनं काय केलं तुमचं?"

ते दचकले. कुदळ खाली पडली. "हिराबाई, माजा आता कशावरच भरवसा न्हाई. सोतावर तर न्हाईच."

"मग लिंब बी तोडा त्यो दारातला. आन् द्राक्षं बी काढून टाका. आन् मी काय खायाचं, माती?"

ते तिच्याकडं बघत राहिले आणि एकदम रडायला लागले. एवढा मोठा माणूस, खांदे हलवत, कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन. आत्ती पुढं झाली. तिनं ती जुडी त्यांच्या हातातून काढून घेतली, झटकली आणि माझ्याकडं दिली. "धू ही. वाया घालवू नगंस." मग त्यांना म्हणाली, "तुमी मला इख दिलं न्हाई. तुमी मला दवा दिली, ती चुकीची निगाली. मारायचं असतं तर आदी सोता खाऊन बगितलं असतं का कुणी?"

आप्पा पायरीवर बसले होते. त्यांचा आवाज उतरला होता. म्हणाले, "हवालदार, खरं सांगू का. आमच्या आयनं जंत झालं की ह्योच पाला आमाला वाटून पाजलाय. मला बी, हिरीला बी. मग आयला काय म्हणायचं आमी?"

मग आत्तीला हसू फुटलं. किती दिवसांनी. अशक्तपणामुळं ते पूर्वीसारखं दणदणीत नव्हतं, मधेच दम लागत होता, पण ते तेच हसणं होतं. "म्हंजे दादा, आता तुजं बी रगत तपासायचं!"

आणि तपासलं. मिरजेला आम्ही सगळे गेलो, जत्रेला निघाल्यासारखे. आडदांड मेंढा एका हातानं लोळवणारे माझे आप्पा सुई बघून पांढरे पडले आणि हवालदारांनी त्यांचा हात धरून "हिंमत, जवान, हिंमत" असं सुरू केलं. डॉक्टरबाई तोंड फिरवून हसत होत्या. आप्पांचं ठीक निघालं. हवालदारांचंही ठीकच होतं, त्यांनी ते फार दिवस घेतलं नव्हतं. आत्तीचंच तेवढं अधांतरी.

पुढचे महिने वाट बघण्याचे होते, पण ते दिवस मला दुःखाचे म्हणून आठवत नाहीत. मीठ कमी करायला सांगितलं होतं. खानावळवाल्या बाईला मीठ तोडायला सांगणं म्हणजे काय ते कळायला तिचं तोंड बघायला हवं होतं. ती बिनमिठाची भाकरी बिनमिठाच्या आमटीत कुस्करायची आणि त्या ताटाकडं तक्रारीच्या नजरेनं बघायची. हवालदार आता दोन वेळा येत होते आणि तिच्याबरोबर तेही अळणी खायचे. गिऱ्हाइकांचा रस्सा चाखायचं काम माझ्याकडं आलं. मी चाखून सांगायची, आत्ती वासावरून ओळखायची, आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघायचं. चेहऱ्यावर रंग यायला लागला. एका सकाळी कांदा परतताना ती भट्टीपुढून हलली नाही. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा कांदा परतायला लागली. आकडे तपासणीगणिक जागच्या जागी राहिले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, आता कार्य उरकून घ्या. आणि मला बोलवा."

उन्हाळा उलटून गेला होता, पण कार्य वस्तीवरच झालं. बोरीबाभळींच्या सावलीत घोंगडी अंथरली होती, ढोल घुमत होते, आमच्या माणसांनी गजीच्या नाचाचा फेर धरला होता. रंगीत रुमाल उडत होते. डॉक्टरबाई खरंच आल्या. हवालदारांना नाचात ओढलं तेव्हा ते नाचले, पण पाय परेडचेच पडत होते, आणि सगळी पोरं त्यांच्या मागं तसलीच परेड करत फिरायला लागली. आत्तीनं हिरवं लुगडं नेसलं होतं. तिला जास्त नाचायचं नाही असं बजावलं होतं. तिनं ते ऐकलं असं मी म्हणणार नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच बाजाराच्या दिवशी हवालदारांनी एक गोष्ट ठरवली. ते किडामारीची एक वेल फुलासकट घेऊन बाजारात, शेळ्यामेंढ्या विकायला बसतात तिथं एका उलट्या ठेवलेल्या टोपलीवर उभे राहिले. "ही वेल वळखा," ते परेडच्या आवाजात म्हणाले. "ही मी माज्या बायकुला दिली. मायेनं दिली. तिची निम्मी ताकद गेली. जनावराच्या जखमंची गोष्ट जनावराच्या डाक्टरला इचारा, पर माणसाच्या पोटात ही घालू नगा. जंतावर न्हाई, गुडघ्यावर न्हाई, कशावरच न्हाई. आन् डाक्टरनं इचारलं काय घेतासा, तर पाला बी सांगा!"

मागून एक म्हातारा मेंढपाळ ओरडला, "आवं हवालदार, बायकुला इख घातलंसा, तरी नांदतीया व्हय ती?"

गर्दी हसली. गर्दीच्या पाठीमागून आत्तीचा आवाज आला, "नांदतीया म्हंजे! आता ह्यांच्या हातचं आदी ह्यांस्नीच खायला लावते!"

लोक पोट धरून हसले. हवालदारही हसले. गर्दी पांगायला लागली तेव्हा एक वयस्क बाई मात्र मागं राहिली. अंगावर धुवट लुगडं, कडेवर नातू. ती बराच वेळ त्या वेलीकडं बघत होती. मग तिनं कनवटीची चंची सोडली, आतून कागदाची पुडी काढली आणि हवालदारांच्या तळहातावर ठेवली. "पोराला जंत झाल्यात म्हणून देत हुते," ती म्हणाली. "कालपासनंच." हवालदारांनी पुडी मुठीत घट्ट धरली, टाचा जुळवल्या आणि त्या बाईला कडक सलाम ठोकला. पोरगं खुदकन हसलं आणि त्यानंही आपला चिमुकला हात कपाळाला लावला.

"आवं, चला आता," आत्ती पलीकडून ओरडली. "गिऱ्हाईक खोळंबलंय, आन् रस्सा उतू चाललाय!"